कठडे घडवणाऱ्यांना कठडा द्या

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलं की एक गोष्ट मला फार खुपते. तिथं दुसऱ्यांसाठी जिने, कठडे, प्लॅटफॉर्म तयार होतात आणि ते जोडणारा वेल्डर मात्र दोन ड्रमवर टाकलेल्या फळीवर उभा असतो. माल घरचा, मशीन घरची, कारागीरही घरचा. तरी चाकांचा, कठड्याचा एक प्लॅटफॉर्म स्वतःसाठी होत नाही, कारण त्याची ऑर्डर कुणी दिलेली नसते.

‘दहा फुटांवरून पडून काय होतंय’ म्हणणारे भेटतात. दहा फुटांवरून माणूस पाऊण सेकंदात खाली येतो, तेही ताशी जवळजवळ 28 किलोमीटर वेगाने. खाली काँक्रीट असतं, अँगलचे तुकडे असतात, कापलेल्या पत्र्याच्या कडा असतात. वेल्डरला तर धोका दुप्पट. काच डोळ्यांवर ओढली की आर्कच्या उजेडाशिवाय काही दिसत नाही, फळीची कड तर नाहीच. हातमोजे घामाने भिजलेले. होल्डरचा जो झटका जमिनीवर एखादवेळी निभावतो, तोच शिडीवर हात सोडायला लावतो.

मालक म्हणतात, बेल्ट दिलाय. दिलाय, पण अडकवायचा कुठं? बहुतेकदा हुक पायाजवळच्या अँगललाच. दोरी साधारण पावणेदोन मीटरची, धक्का शोषणारी पट्टी उलगडली की आणखी मीटर-दीड मीटर, त्यात माणसाची उंची. चार मीटरवर असा बेल्ट माणसाला सावरायच्या आत जमीन येते. हुक डोक्याच्या वर हवा. बुटक्या शेडमध्ये तर कठडाच खरा.

सगळ्यात जास्त भीती मला मे महिन्याची वाटते. पावसाआधी गळती काढायला हेल्परला छतावर चढवतात. सिमेंटचा जुना पत्रा वरून धडधाकट दिसतो आणि पाय पडताच फुटतो. उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा धुळीने इतका मळतो की तो ओळखूच येत नाही. अशा छतावर आडव्या लोखंडी पट्ट्यांवर टेकतील अशा लांब फळ्या टाकूनच चालायचं असतं. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 32व्या कलमानेही उंचीवरच्या कामाला कुंपण किंवा तशी सोय करायला सांगितलं होतं. तरीही अपघातानंतर वहीत एवढंच लिहिलं जातं की पाय घसरला. यात दोष पायाचा नाही, पायाखाली काही दिलंच नव्हतं त्याचा आहे.

आणि कुणी पडलाच, तर त्याला बखोटीला धरून उभं करू नका, रिक्षात कोंबू नका. मणक्याला मार असेल तर त्या उचलण्यानेच पाय कायमचे जाऊ शकतात. त्याला हलवू नका, 108 ला फोन करा.

शेठ, एखाद्या गेटची ऑर्डर दोन दिवस उशिरा जाऊ द्या. त्या दोन दिवसांत आपल्या माणसांसाठी कठड्याचा प्लॅटफॉर्म करून घ्या, आणि छतावरच्या फळ्या पावसाच्या आधी आणून ठेवा.