रात्रपाळीची सिस्टर

काही वर्षांपूर्वी आईच्या उशाशी एका रुग्णालयात आठ रात्री बसण्याचा प्रसंग आला. वॉर्डात चाळीस खाटा. रात्री एक सिस्टर आणि एक मावशी. तिसऱ्या रात्री दोनचे इंजेक्शन चार वाजता आले. मी आवाज चढवला. सिस्टर काही न बोलता इंजेक्शन देऊन पुढच्या खाटेकडे गेली. मावशी मात्र हळूच म्हणाल्या, ''दादा, तिची डबल ड्यूटी आहे. जोडीची रजेवर गेली, बदली मिळाली नाही. दुपारपासून उभी आहे पोर.''

मी खजील झालो. इंजेक्शनला उशीर झाला तो त्या मुलीच्या आळसामुळे नव्हे. ड्यूटीचा तक्ता जिथे तयार होतो, त्या कचेरीतच तो ठरून गेला होता.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका असा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील 168 रुग्णालयांच्या पाहणीचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. परिचारिकेवर एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. कॅलिफोर्नियाने तर 1999 मध्ये कायदाच केला आणि 2004 पासून परिचारिकांची किमान संख्या बंधनकारक केली.

प्रश्न केवळ संख्येचाही नाही. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला 'ओव्हर' देते. कोणाला ताप चढला, कोणाचे औषध बदलले, हे तेव्हा सांगायचे असते. थकलेली सिस्टर ते घाईत उरकते आणि नेमकी एखादी गोष्ट सांगायची राहते. काही महिन्यांच्या कंत्राटावर आलेली मुलगी वॉर्ड अंगवळणी पडेपर्यंत निघून जाते. चूक झाली, की चौकशीआधीच निलंबन होणार असेल, तर चूक सांगेल कोण? ती लपवली जाते आणि पुढच्या रुग्णाला पुन्हा भोवते.

पैसा नाही, ही प्रशासनाची अडचण अगदीच खोटी नाही. पण नवे यंत्र आले, की फीत कापायला पाहुणे येतात. रिकामे पद भरल्याची फीत कोणी कापत नाही. खासगी रुग्णालयांत परिचारिकांच्या अल्प पगाराकडे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. त्यानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही किमान वीस हजार रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली. सेवाभावाची अपेक्षा करायची आणि घरभाड्याचा प्रश्न तिच्यावर सोडायचा, हा कुठला न्याय?

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर रोज दोन आकडे लिहावेत: आज रुग्ण किती आणि या पाळीत सिस्टर किती. शाळेच्या फळ्यावर पट आणि हजेरी लिहितात, तसे.

आणि आपणही, वाचकहो, आपले माणूस दाखल करताना डॉक्टर कोण, मशिन कोणते हे विचारतो, तसेच रात्री सिस्टर किती असतात, हेही विचारायला हवे. आई बरी होऊन घरी आली. घरी नेले त्या दिवशी त्या सिस्टरची सुट्टी होती. तिची माफी मागायची मात्र राहून गेली.