गोठ्याच्या भिंतीवरचे शब्द

2024 च्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाच्या गोठ्यात इंग्रजी शब्द लटकत होते. पुतणीनं वहीची पानं फाडून गव्हाणीच्या वर ओळीनं चिकटवलेली. सकाळी धार काढता काढता तिचं पाठांतर चालायचं. "ऑब्ड्युरेट म्हंजे स्टबर्न. लोक्वेशियस म्हंजे टॉकेटिव्ह."

मी विचारलं, "आणि स्टबर्न म्हणजे काय गं?"

तिनं मान वर केली. "ते न्हाई विचारत, आप्पा. पर्यायात स्टबर्न दिसलं की क्लिक करायचं."

जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी सगळी नोकरी गेली. पण त्या दिवशी वाटलं, आपण पोरांना शिकवलं काय आणि त्यांच्या वाट्याला आलं काय!

त्या वर्षी बीबीए, बीसीए, बीएमएससाठी राज्यात पहिल्यांदाच सीईटी आली. तोवर बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळायचा. आता 90 मिनिटांत 100 प्रश्न, त्यातले 40 इंग्रजीचे. उरलेले 60, म्हणजे तर्क, सामान्यज्ञान आणि कॉम्प्युटर, तेही इंग्रजीतच. म्हणजे तर्क चालतो की नाही हे बघायच्या आधीच इंग्रजीचा उंबरा ओलांडायचा. डॉक्टर व्हायची नीट परीक्षा मराठीतून देता येते, पाच वर्षांच्या वकिलीची सीईटीही मराठीतून देता येते. पण दुकानाचा हिशेब आणि धंद्याचं शास्त्र शिकायला निघालेल्या पोरीला ती सोय नाही. हा कुठला न्याय?

जयसिंगपुरातल्या एका क्लासनं तिला हजार शब्दांची यादी दिली होती. एका बाजूला अवघड इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला जरा सोपा इंग्रजी शब्द. वाक्य नाही, उतारा नाही, मराठी तर नाहीच. ही यादी म्हणजे नुसतं पाचट. दिसायला भाराभर, रस थेंबभर नाही.

आता आमच्या शिरोळ तालुक्यातलं सांगतो. इथं शाळेचं तोंड न बघितलेला म्हातारासुद्धा पावसाळ्यात विचारतो, "अलमट्टीतनं किती क्युसेक सोडलं? कोयना किती टीएमसी भरलं?" 2005 चा पूर बघितला, 2019 चा बघितला, पाण्याची फूग दारात आली आणि क्युसेक हा शब्द पोटात गेला. ऊस कारखान्याला घातला की रिकव्हरी कळते. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला चारदा गेलं की एफआरपीचं गणित पाठ होतं. ह्या शब्दांची यादी कुणी भिंतीवर चिकटवली होती? शब्द गरजेच्या पाठीवर बसून येतो. इंग्रजांनीही तेच केलं. आमचं मुंगूस बघितलं आणि त्याचं माँगूस करून घेऊन गेले. आधी जनावर दिसलं, मग शब्द घेतला.

मी पुतणीला म्हटलं, "स्टबर्न म्हणजे हेकट. आणि ऑब्ड्युरेट त्याच्याही पुढं, दगडासारखा हेकट. लॅटिनमध्ये 'दुरुस' म्हणजे कठीण. ड्युरेबल, ड्युरेशन, सगळे त्याच भावकीतले. टिकाऊ, टिकण्याचा काळ. आणि लोक्वेशियस म्हणजे आपला वाचाळ. वाचा, वाचन, वाचाळ जसं एका मुळातनं निघतं, तसं 'लोक्वी', म्हणजे बोलणं, त्यातनं लोक्वेशियस, एलोक्वंट."

ती हसायला लागली. पान्हा चोरून उभ्या असलेल्या म्हशीकडं बोट दाखवून म्हणाली, "मग ही ऑब्ड्युरेट व्हय?"

तो शब्द ती पुन्हा विसरली नाही. पण हजारातले किती शब्द म्हशीला लावणार? परीक्षेला तीन आठवडे उरले होते.

लोक म्हणतील, मास्तर, तुम्ही इंग्रजीच्या विरुद्ध दिसता. अजिबात नाही. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, ते मला मान्य आहे. इंग्रजी नको म्हणणाऱ्यांची पोरं कुठल्या शाळेत जातात तेही मी बघितलंय. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, 2000 सालापासून पहिलीपासून आलं. चांगलंच झालं. पण बारा वर्षं इंग्रजी शिकून पोरगी एक सलग पान समजून वाचू शकत नसेल, तर तिला हजार शब्द पाठ करायला लावणं म्हणजे पाया खचलेल्या घराला रंग देणं. दूध पाजा म्हटलं, तर तुम्ही रिकाम्या बाटल्यांची लेबलं वाचायला लावता!

दुसरे म्हणतील, परीक्षा सगळ्यांना सारखीच आहे. कागदावर आहे. पण ज्याच्या घरी रोज इंग्रजी पेपर येतो त्याला हे शब्द चहाबरोबर मिळतात. आमच्या पोरीला ते एसटीचं भाडं आणि क्लासची फी भरून विकत घ्यावे लागतात. अशानं अक्कल मोजली जात नाही, घर मोजलं जातं.

शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच साली वडिलांच्या, जयसिंगरावांच्या, नावानं जयसिंगपूर वसवलं. शाळेचं दार आधी उघडायचं, मग आत आलेल्याला शिकवायचं, असा तो हिशेब होता. आज त्याच पेठेत दारावर यादी टांगून ठेवलीय.

पुतणीचा नंबर जवळच्या कॉलेजात लागला नाही. लांबच्या कॉलेजात जागा होत्या, पण वसतिगृहाचा खर्च भावाला झेपणारा नव्हता. त्याच वर्षी जागा भरेनात म्हणून सरकारला जादा सीईटी घ्यावी लागली. तोवर ती बी. कॉम.ला बसलीसुद्धा होती. तिकडं जागा रिकाम्या आणि इकडं पोरगी दाराबाहेर!

माझं मागणं मोठं नाही. तर्क आणि सामान्यज्ञानाचे प्रश्न मराठीतही द्या. इंग्रजी तपासायचंच आहे तर एक चांगला उतारा द्या आणि तो समजला का ते विचारा. आणि मास्तरांनो, आठवीपासून वर्गात रोज एक पान इंग्रजी मोठ्यानं वाचून घ्या, अर्थ मराठीत सांगा, शब्दाची भावकी दाखवा. ह्याला पैसा लागत नाही.

जुलैच्या पावसात गोठ्याची भिंत ओलावली आणि पानं गळून पडली. भावानं ती शेणाबरोबर उकिरड्यावर टाकली. पुतणीनं अडवलं नाही.