वाकळ पांघरतो त्याने टाकाही घालावा

बालमित्रांनो आणि भिंतीपाशी थांबून वाचणाऱ्या पालकांनो,

माझे असे मत आहे की वाकळ शिवणे हे फक्त बायकांचे काम नाही. (पुस्तकात तिला गोधडी म्हणतात, आमच्या घरी वाकळच म्हणतात.) पांघरायला घरातली सगळी असतात. थंडीत तर बाबा आणि मी ओढाओढी करतो. मग शिवायला आजी आणि आईच का?

या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरी एक वाकळ शिवून झाली. ती मिरगाच्या आधी होणे जरूर होते. एकदा पाऊस लागला की ओसरीत उजेड नसतो आणि आई भांगलणीला रानात जाते. आजीचे जुने सुती लुगडे काढले. नऊ वार म्हणजे २७ फूट. सहा-सहा फुटांच्या घड्या घातल्या तर चार पदर होतात आणि तीन फूट उरतात. हे गणित मी पाटीवर केले. आजीने बोटाने मापून आधीच सांगितले होते. मधल्या थरात आजोबांचे धोतर आणि माझा दुसरीतला सदरा घातला.

कापड सरकू नये म्हणून एका कोपऱ्यावर वरवंटा आणि एका कोपऱ्यावर भरलेली कळशी ठेवली. कडेने टाके घालत फेरे मारत मधोमध यायचे. टाका बारीक पाहिजे. लांब पडला तर धुताना आतल्या चिंध्या एका जागी गोळा होतात. आजीला आता सुईचे नेढे दिसत नाही, म्हणून दोरा मी ओवायचो. चार दिवसांनी मीच सुई घेऊन बसलो. धावदोरा आम्हाला कार्यानुभवात शिकवला आहेच.

तेव्हा आळीतली मुले आली आणि मला बाई बाई म्हणून हसली. त्यांना माझे विचारणे आहे. गावातले शिंपीकाका पुरुष आहेत, त्यांना कोण हसते? बाजारात चपला शिवणारे, दाभणाने पोती शिवणारे हमाल, सगळे पुरुषच. संत नामदेव महाराज शिंपी होते. मग वाकळीचीच सुई काय वेगळी असते? मी बाबांनाही बोलावले. ते म्हणाले, "मला न्हाई जमायचं." पण बाबा ज्वारीची पोती शिवतात ती अगदी एका रेषेत! (हे वाचून बाबा हसतील.)

काही जण म्हणतात, बाजारात ब्लँकेट मिळते, कशाला एवढी खटपट? ब्लँकेट मऊ असते, मलाही आवडते. पण त्यात घाम मुरत नाही, अंग चिकट होते. जुने सुती कापड घाम पिते. गुरुजींनी सांगितले की थरांच्या मध्ये हवा अडकते आणि त्या हवेतून अंगातली ऊब लवकर बाहेर जात नाही, म्हणून वाकळ गरम लागते.

आजीला तिच्या आईने शिकवले. माझ्या आईला आजीने शिकवले. मला बहीण नाही. मग आमच्या घरची वाकळ आईपाशीच थांबायची का? आईच्या साड्याही आता गुळगुळीत कापडाच्या आहेत, त्यांचे पदर एकमेकांवर राहतच नाहीत. सुती लुगडे पेटीत आता एकच उरले आहे. आई म्हणते, भांडीवाली आली की ते देऊ, एक पातेले येईल. मी नको म्हटले आहे. आजी काही बोलली नाही, पण तिने पेटीची किल्ली कमरेला लावली.

पुढच्या उन्हाळ्यात ते लुगडे शिवायला घेणार आहोत. ज्या मुलांना शिकायचे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत मला विचारावे. दोऱ्याची गाठ आत कशी लपवायची ते मी दाखवीन. सुई घरून आणावी.

– एक विद्यार्थी, इयत्ता चौथी