विकत घेतलेली तबकडी आणि घरची प्रत

मराठी चित्रपट पाहावयाचा म्हणजे पुण्यामुंबईहून येणाऱ्या पाहुण्यास तबकडी आणावयास सांगावे, असा इंदूरच्या मराठी घरांतून काही वर्षे परिपाठ होता. त्या तबकड्या अजून कपाटांत आहेत. कित्येकींवर चरे पडले आहेत, आणि नव्या संगणकांस तर तबकडी घालावयाची सोयच उरलेली नाही. नातू म्हणतो, यांच्या प्रती संगणकात उतरवून ठेवू. आजोबा विचारतात, ही चोरी तर नव्हे?

शंका रास्त आहे. पण चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर जी दरडावणी झळकते तोच कायदा, हा समज खरा नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम खाजगी उपयोगासाठी केलेल्या ‘न्याय्य वापरा’स मोकळीक देते. पूर्वी ती पुस्तके, नाटके, संगीत व चित्रे यांपुरतीच होती. चित्रपट तीत बसत नसे. २०१२ च्या दुरुस्तीने, संगणकाचे प्रोग्राम तेवढे वगळून, ती सर्वच कृतींस लागू झाली, आणि अशा उपयोगासाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठविणे हा हक्कभंग नव्हे, असे स्पष्टीकरणही जोडले गेले.

राहता राहिले तबकडीवरील सांकेतिक कुलूप. ते तोडणाऱ्यास ६५-अ कलम दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात, ठरावीक अपवाद सोडता, हेतूचा हा विचार नाही. विलायतेत ऑक्टोबर २०१४ मध्ये खाजगी प्रतीस मुभा मिळाली आणि जुलै २०१५ मध्ये न्यायालयात ती रद्द झाली. आमचा कायदा या दोहोंहून शहाणा आहे, असे आम्ही बेलाशक म्हणू.

मात्र ‘न्याय्य’ म्हणजे कोठवर, हे त्यात नाही. भाड्याने आणलेल्या तबकडीची प्रत उतरवणे, किंवा प्रत ठेवून मूळ तबकडी विकणे, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. तीच प्रत साऱ्या आळीत वाटली, तर ‘खाजगी’ या शब्दास अर्थच राहत नाही. मराठी निर्मात्याची थैली कधी फारशी जड नव्हती, याचीही जाण हवी. परंतु एकदा दाम मोजलेल्याने तीच वस्तू पुन्हा विकत घ्यावी (आणि पुष्कळ मराठी चित्रपट पुन्हा बाजारात येतात तरी कोठे?) हा आग्रह आम्हांस मान्य नाही. विकत घेऊन स्वतःजवळ ठेवलेल्या तबकडीची घरगुती प्रत हा न्याय्य वापर होय, एवढे एक वाक्य संसदेने त्या स्पष्टीकरणात घालावे. तोवर प्रत केल्यावरही मूळ तबकडी फेकू नये. खरेदीचा पुरावा बहुतेक घरी तेवढाच उरला आहे.