काटा बाई-पुरुष बघत नाही



आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी दुकानाबरोबर थोडी शेतीही आहे. विष्णुपुरीच्या आसपास गोदाकाठी कापूस, सोयाबीन, हळद. हंगामात मजुरी वाटताना गड्याला एक भाव आणि बाईला त्याहून कमी, हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणी कारण विचारत नाही. विचारलंच तर उत्तर तयार असतं, गड्याचं काम जड!

मग कापसाच्या वेचणीचं बघा. ती किलोवर असते. काटा बाई-पुरुष बघत नाही. जेवढं वेचलं तेवढे पैसे. फरक पडतो तो रोजाने कामाला लावल्यावर. फवारणीचा पंप पाठीवर जड होतो हे खरं. पण दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईची कंबर काय कमी दुखते? बाया घरचं उरकून उशिरा येतात, असंही म्हणतात. तर मग तास मोजा ना! तासाचे पैसे कापायचे आणि वर बाई म्हणूनही कापायचे, हा कुठला हिशोब? मी बी.कॉम.ला हिशोब शिकले, त्यात मजुरीच्या खात्याला गड्याचा आणि बाईचा असे दोन रकाने नव्हते.

कायद्यातही नाहीत. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला होता. आपल्या राज्याच्या रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. त्यातही दोघांना एकच दर. सरकारी कामावर जे चालतं, ते आपल्या बांधावर का चालू नये?

दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्र ऐकतो. त्याच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगितलेत. त्यातला एक हीनाधिक मानोन्मान, म्हणजे घेताना माप मोठं आणि देताना लहान. दुकानाच्या तराजूला आपण तो लावतो. पण खुरपं तेच, पात तीच, आणि मजुरी देताना बाईपुरतं माप लहान, हाही मला तोच दोष वाटतो.

शेत पुरुष बघतात, आपण काय करणार, असं म्हणू नका. घरात बोलता तर येतं. पुढच्या खुरपणीआधी एवढंच सांगा की दर कामावर ठरवा, आणि बाईची मजुरी तिच्याच हातात द्या, नवऱ्याकडे नको. खर्च थोडा वाढेल. मंदिरात बोली लागते तेव्हा आपण कुठे हात आखडतो? दान नंतर, आधी ज्याचं त्याचं देणं चुकतं करावं.