हळदीच्या रात्री एन्कोडिंग नको

पनवेल-उरणकडच्या आगरी लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणीला ‘आजी, रेकॉर्ड झालं नाही, पुन्हा म्हणा’ असं सांगून पाहा! ती विधी करत असते, कार्यक्रम नव्हे.

गेल्या हंगामात तालुक्यातल्या एका हळदीला लिनक्सचा लॅपटॉप घेऊन बसलो होतो. एरेकॉर्ड या रेकॉर्डिंगच्या कमांडचा आवाज पाइपने थेट एन्कोडरला, तिथून एमपीथ्री. निघताना फाइल तयार, असा हिशेब. मध्येच फोटोवाल्याने कार्ड रिकामं करायला लॅपटॉप मागितला. भिडेपोटी ‘लाव’ म्हटलं. टर्मिनलवर ‘ओव्हररन’ची, म्हणजे आवाज सांडल्याची, ओळ उमटली, मग आणखी दोन. घरी ऐकलं तर तीन जागी ओवीतला शब्दच गायब.

हिशेब साधा आहे. 48 हजार सँपल, 16 बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला 1,92,000 बाइट. लिनक्सच्या पाइपमध्ये मावतात 65,536, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. एरेकॉर्ड आपणहून बफर घेतो तो फार तर अर्ध्या सेकंदाचा. एन्कोडर सेकंदभर अडला की आवाज सांडलाच. मध्ये ‘टी’ कमांड घालून दोन फाइली करणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. एन्कोडर थांबला की ‘टी’ही थांबतो, आणि एन्कोडर मेला तर, ‘पी’ पर्याय दिला नसेल तर, सोबत मरतो.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: मांडवात फक्त कच्चा आवाज डिस्कवर उतरवा. तासाला जेमतेम 700 एमबी लागतात. हेडर नसलेली रॉ फाइल वीज गेली तरी तिथवरची वाचते. सँपल, बिट आणि चॅनेल मात्र फाइलच्या नावातच लिहा. साउंडकार्ड देईल तितका बफर वाढवा. फ्लॅक दुसऱ्या दिवशी करा, व्हॉट्सअ‍ॅपसाठी ओपस त्यानंतर. एमपीथ्रीने टाकून दिलेलं परत येत नाही.

जपलेल्या आवाजाचं मोल पाहा: हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखावर ओव्या जमल्या. ज्यांचा आवाज टेपवर राहिला, त्यांचीच चाल आज ऐकू येते. इकडे नवी मुंबई विमानतळासाठी चिंचपाडा, कोपर, कोल्ही ही गावंच उठली. तिथल्या मांडवातला धवला कोणी उतरवून ठेवला असेल तर कृपया कळवा.

तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू. त्याआधी एकदा घरच्या पंख्याचा आवाज दोन तास रेकॉर्ड करा, त्याच वेळी लॅपटॉपवर एखादा सिनेमा कॉपी करा, आणि ओव्हररन किती आले ते आम्हाला लिहा.