मजकूर तुमचा, नाव तुमचं. मग बाकीचं बघू

आंब्याचा हंगाम आटोपून पाऊस लागला की कोकणातल्या बागायतदारांना आणि होम-स्टेवाल्यांना वेबसाइटची आठवण होते. हात जरा रिकामे असतात, हंगामाचे पैसे नुकतेच आलेले असतात आणि 'यंदा करूनच टाकू' असं घरात ठरतं. मग या स्तंभाकडे प्रश्न येतो आणि तो दरवर्षी थोड्याफार फरकाने तोच असतो. यूट्यूबवरचा माणूस म्हणतो अर्ध्या तासात फुकट होते, भाचा म्हणतो पाच हजारांत करून देतो, शहरातल्या ऑफिसने चाळीस हजारांचं कोटेशन पाठवलंय. खरं कोण बोलतंय?

तिघंही. फक्त बोलतायत वेगवेगळ्या मालाबद्दल. यूट्यूबवाला सांगतोय तो तयार साचा. भाचा त्या साच्यात तुमचं नाव आणि फोटो बसवून देणार. ऑफिसच्या चाळीस हजारांत काय काय येतं, ते कोटेशनवर लिहिलेलंच नसतं. 'डायनॅमिक, रिस्पॉन्सिव्ह, एसईओ फ्रेंडली' एवढंच असतं. रिस्पॉन्सिव्ह म्हणजे फोनवर नीट दिसणारी, आणि हल्ली फुकटचा साचाही फोनवर नीटच दिसतो. त्याचे वेगळे पैसे कशाला? जगातल्या दहांपैकी चारांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. २००३ साली आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ऑफिसवालाही बहुतेक वेळा तेच घेतो आणि वर एक विकतची थीम चढवतो. त्यात गैर काही नाही. गवंडीही विटा घरी भाजत नाही. पण आपण पैसे विटांचे देतोय की बांधणीचे, एवढं गिऱ्हाईकाला कळलं पाहिजे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्यांना वेबसाइटवर पैसे घ्यायचे नाहीत, फक्त माहिती द्यायची आहे, त्यांनी पहिली वेबसाइट स्वतः करावी. एका पानाची करावी. दिसायला बेताचीच होईल, होऊ दे.

कारण वेबसाइटमधलं अवघड काम बनवण्याचं नसतं, लिहिण्याचं असतं. आणि ते काम पैसे देऊनही दुसऱ्याकडून होत नाही. बनवणाऱ्याला विचारा, तो हेच रडगाणं गाईल : ॲडव्हान्स मिळतो, डिझाइन पसंत पडतं आणि मजकुरासाठी चार-चार महिने काम अडून राहतं. शेवटी कंटाळून तो स्वतःच काहीतरी भरतो. 'आम्ही गुणवत्तेशी कधीही तडजोड करत नाही. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.' हीच दोन वाक्यं आंब्याच्या वेबसाइटवर असतात, पाण्याच्या पंपाच्या वेबसाइटवर असतात आणि दातांच्या दवाखान्याच्याही असतात. ती वाचून आजवर कुणी पेटी मागवली असेल असं मला वाटत नाही.

मग लिहायचं काय? एक वही गल्ल्यापाशी ठेवा आणि आठवडाभर फोनवर लोक जे विचारतात ते जसंच्या तसं उतरवा. तारकर्लीच्या होम-स्टेला येणारे प्रश्न साधारण असे असतात. कुडाळ स्टेशनवरून रिक्षा मिळते का, आणि किती घेतात? समुद्र चालत किती मिनिटं? कमोड आहे ना? मासे रोज मिळतात की आधी सांगावं लागतं? सोबत आईबाबा आहेत, ते शाकाहारी, त्यांचं वेगळ्या भांड्यांत होईल का? ड्रायव्हरची झोपायची सोय? गाडी आत लागते? नेटवर्क कुठलं येतं? आता ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय हा प्रश्न शहरात बसलेल्या डिझायनरला सात जन्मांत सुचणार नाही. पण पुण्याहून दोन कुटुंबं मिळून गाडी करून येतात तेव्हा बुकिंग त्यावरच अडतं. या प्रश्नांची साधी, खरी उत्तरं लिहून काढली की तुमची वेबसाइट झाली. उरलेलं काम म्हणजे ती उत्तरं साच्यात चिकटवणं, आणि ते रेल्वेचं तिकीट फोनवर काढणाऱ्या कुणालाही दोन-तीन रिकाम्या दुपारींत जमतं.

आंब्याचंही तेच. पेटी म्हणजे किती डझन, आणि डझनाचं वजन काय? घरी पोचल्यावर किती दिवसांनी खायचा? फळ खराब निघालं तर पैसे परत की दुसरं फळ? हे सगळं लिहा. 'कार्बाइडमुक्त' असं मात्र मोठ्या अक्षरांत मिरवू नका. कार्बाइडने फळं पिकवायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदीच आहे, म्हणजे तुम्ही फक्त कायदा पाळतो एवढंच सांगताय. त्यापेक्षा आढी कशी लावता ते सांगा. पेंढा कुठला, थर किती, पालटता कधी. शेजारी आढीचा एक फोटो टाका. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुमची त्याखाली नोंदणी झाली असेल तर तो क्रमांक दिसेल असा लावा. परप्रांतातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो हे मुंबईच्या गिऱ्हाईकाला आता चांगलं ठाऊक आहे, आणि त्याचा संशय नेमक्या अशाच तपशिलाने फिटतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक तांत्रिक गोष्ट. जाहिरातीचा मजकूर प्रेसवाल्याकडून जुन्या श्रीलिपीच्या फाइलमध्ये आला असेल तर तो वेबसाइटवर तसाच टाकता येत नाही. तिथे अक्षरांच्या जागी चिन्हांचा खिचडा उमटतो. मग बनवणारा पळवाट काढतो आणि मजकुराचा फोटो करून लावतो. दिसायला ठीक, पण गूगलच्या शोधात तुमची ती वाक्यं धड सापडत नाहीत आणि गिऱ्हाईकाला नंबर कॉपी करता येत नाही. फोनवर आपण रोज टाइप करतो ते युनिकोड, मजकूर त्यातच हवा. मुक्ता आणि बलू हे मुंबईच्या 'एक टाइप'चे देखणे फॉन्ट फुकट मिळतात. भाषेच्या सेटिंगमध्ये हिंदी नव्हे तर मराठी निवडा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. चाळीस हजार घेणाऱ्यांपैकी फार थोडे एवढं बघतात.

आता ज्या भागावर मी अडून बसतो तो सांगतो. वेबसाइट कुणीही करो, पत्ता, म्हणजे डोमेन, स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डाने, स्वतःच घ्यायचं. डॉट इन किंवा डॉट कॉमला वर्षाला हजार-दीड हजाराच्या आसपास पडतात. पहिल्या वर्षी 'ऑफर'मध्ये बरंच स्वस्त दिसतं, दुसऱ्या वर्षी खरा दर समजतो. २०१४ पासून देवनागरीतला 'डॉट भारत' पत्ताही मिळतो. हौस असेल तर घ्या, पण खोक्यावर छापायला रोमनच बरा, कारण गिऱ्हाईकाचा कीबोर्ड तिथे उघडा असतो. हे काम पंधरा मिनिटांचं आहे, म्हणूनच बनवणारा म्हणतो, 'साहेब, तुम्ही कशाला त्रास घेता, मी माझ्या अकाउंटवरून करतो.' हेतू वाईट नसतो. पण पुढे भाच्याला कॅम्पसमधून नोकरी लागते, ऑफिसवाला धंदा बदलतो, आणि मुदत संपत आल्याचे मेल अशा पत्त्यावर जात राहतात जो आता कुणी उघडत नाही.

मुदत टळल्यावर बहुतेक कंपन्या काही आठवडे नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. त्यानंतर डॉट कॉमच्या बाबतीत ३० दिवस असे असतात की जबर दंड भरून नाव सोडवता येतं. तेही गेले की नाव मोकळं, जो आधी येईल त्याचं. तोवर तुम्ही त्या पत्त्याची पुठ्ठ्याची दोन हजार खोकी छापून माळ्यावर रचलेली असतात. म्हणून नाव जूनमध्ये घ्या. ऐन एप्रिलमध्ये घेतलंत तर मुदतही दरवर्षी एप्रिलमध्येच संपणार, आणि तेव्हा मेल वाचायला कुणाला वेळ असतो?

फुकटच्या सोयीलाही हेच लागू. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलबरोबर पूर्वी एक पानाची वेबसाइट फुकट मिळत असे, 'बिझनेस डॉट साइट' असा तिचा पत्ता. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सगळी पानं बंद केली. जूनपर्यंत जुना पत्ता प्रोफाइलकडे वळवला जात होता, नंतर तोही खुंटला. प्रोफाइल मात्र अजून फुकट आहे, आणि नकाशावर सापडण्यासाठी ते आधी भरा. वेबसाइट त्याच्या नंतर. ज्याचा सगळा धंदा गावातल्याच गिऱ्हाईकावर चालतो त्याला प्रोफाइल आणि व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग एवढं पुरतं. अशा माणसाने वेबसाइटच्या फंदात पडू नये, स्वतःहूनही नाही आणि पैसे देऊन तर मुळीच नाही.

मग माणूस लावायचा कधी? वेबसाइटवर पैसे घ्यायचे ठरले की. पेमेंट गेटवे जोडायचा तर गेटवेवाले आधी वेबसाइटवर परतावा, डिलिव्हरी, गोपनीयता यांची पानं मागतात. व्यवहारामागे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी कापतात. पिनकोडप्रमाणे कुरिअरचा दर, साठा संपला की बटण बंद, ऑर्डर आल्याचा मेसेज, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यांत विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि तक्रार कुणाकडे करायची ते दाखवावं लागतं. शिवाय वर्डप्रेसवर दुकान मांडलं की त्यातले प्लगइन वेळच्या वेळी अद्ययावत करावे लागतात. नाही केले तर एक दिवस तुमचा पत्ता उघडल्यावर जुगाराची जाहिरात दिसते, आणि हे कळवणारा पहिला फोन गिऱ्हाईकाचा असतो. इथे हौसेने शिकायला जाऊ नये. जाणता माणूस घ्यावा, वर्षाचं एएमसी, म्हणजे देखभालीचं कंत्राट, करावं आणि ते खर्चात धरावं. दुसरा मार्ग महिन्याला भाडं घेणाऱ्या तयार सेवांचा. तिथे दुरुस्तीची कटकट नाही, पण उद्या घर बदलायचं झालं तर विक्ससारख्या ठिकाणाहून वेबसाइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही, नव्याने मांडावी लागते. पाच-दहा प्रकारचा माल असेल तर मला हा तोटा परवडण्यासारखा वाटतो.

पहिली वेबसाइट स्वतः करा, या सल्ल्यावर एक आक्षेप रास्त आहे. घरात एकटीच बाई पापड-लोणच्याचा धंदा बघते, तिने दुपारी हे शिकत बसायचं? नाही बसलं तरी चालेल. तिच्या वेळेला मोल आहे आणि ते बनवणाऱ्याच्या पाच हजारांहून जास्त असू शकतं. तिने काम खुशाल बाहेर द्यावं. पण वहीतले प्रश्न आणि डोमेन, या दोन गोष्टी तिच्याच हातात राहाव्यात.

काम बाहेर देताना करार एका पानाचा पुरे, पण कागदावर हवा. आपण बाहेरून करून घेतलेल्या कोडचा आणि मजकुराचा पहिला मालक सहसा तो लिहिणाराच असतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सही करून द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच धरला जातो. तेव्हा 'कायमस्वरूपी' हा शब्द घाला. कोटेशनमध्ये जीएसटी लावला असेल तर जीएसटी नंबर मागा; नोंदणी नसलेल्याला तो कर लावता येत नाही. बदल करायचे किती, कितीदा, त्याचे पैसे काय, हेही लिहा, नाहीतर 'फक्त एक छोटासा बदल' करता करता त्या बिचाऱ्याचाही जीव जातो. होस्टिंग, वेबसाइटचा ॲडमिन आणि गूगल प्रोफाइल, तिन्हींचे लॉगिन तुमच्या नावाने. शेवटचा हप्ता ते हातात आल्यावर. 'सर, संध्याकाळी पाठवतो' म्हणजे हातात येणं नव्हे. आधी तुमच्या फोनवरून आत जाऊन आंब्याचा दर एकदा बदलून बघा, मग जीपे करा.

— गल्लेकर